टीव्हीचा लोड

"उद्या या. दुकान बंद केलंय," मी म्हणाले आणि शटर ओढायचा हूक हातात घेतला.

पायरीवरचा माणूस दचकला. साठीच्या पुढचा, मिशा पांढऱ्या, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खाली जुनी खाकी पँट. चोरी पकडल्यासारखा माझ्याकडं बघत म्हणाला, "ताई, बंद म्हणू नये. वाढवलं म्हणावं."

माझं डोकंच फिरलं. हेच वाक्य मी माझ्या बापाच्या तोंडून जन्मभर ऐकलेलं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानसुद्धा बंद होत नाही, ते वाढतं. आप्पा गेले, मिरजेतलं 'बिरनाळे बॅटरी' माझ्याकडं आलं, आणि मी पहिलं काम हे केलं, की बंदला बंद म्हणायला लागले. विजेला असली गोड भाषा कळत नाही. तार तुटली की तुटली.

"बरं बाबा, वाढवलं. आता उद्या या."

"उशीर होतोय ओ ताई. एक इन्व्हर्टर पायजे. गाडीत बसवायचाय. वर सोलर टाकायचं."

कोविड ओसरल्यानंतरच्या वर्षातली ही गोष्ट. गाडीवर सोलर म्हटल्यावर मी हूक खाली ठेवला. असली कामं मी मोबाइलवरच्या व्हिडिओत बघितली होती, आमच्या गावात कुणी विचारायलाही आलं नव्हतं. रस्त्यावर एक शाळेची जुनी व्हॅन उभी होती. रंग अजून पिवळाच, 'स्कूल' ही अक्षरं खरवडून काढलेली, 'बस' तशीच राहिलेली. आत बाकं काढून एका बाजूला पलंग बसवला होता. गादीवर फुलाफुलांची नवी चादर. खिडक्यांना शिवलेले पडदे. माणसानं जीव लावून काम केलं होतं हे लगेच दिसत होतं.

"नाव काय तुमचं?"

"हणमंत नलवडे. एसटीत ड्रायव्हर होतो, मिरज डेपोला."

"बोला नलवडेकाका, लोड काय काय हाय?"

"एक छोटा पंखा. दोन दिवे. मोबाइल. आणि..." तो जरासा थांबला. "टीव्ही."

"टीव्ही किती वेळ चालणार?"

"चोवीस तास."

मला हसू आवरेना. "अरे देवा! काकू सिरियलच्या लईच नादी दिसतात. फिरायला निघालाय का टीव्ही बघायला?"

तो हसला नाही. मला वाटलं, बायकोवर चिडलेला असणार. साठीत आलेल्या नवऱ्यांचं हे नेहमीचंच असतं. मी म्हणाले, "टीव्हीच असेल तर साधा इन्व्हर्टर घ्या की. स्क्वेअर वेव्ह म्हणतात त्याला. त्यातनं वीज धक्के देत निघते, पंखा जरा घूं घूं करतो, पण टीव्हीला चालतंय. स्वस्त पडेल."

"चालेल. फक्त ते सतत चालू राहायला पायजे."

"समजा मधीच बंद पडला तर? दुसरं काही..."

"असं बोलू नका ताई!" तो एकदम ओरडलाच. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माफ करा. सगळी नोकरी स्टिअरिंगवर गेली माझी. ब्रेकचं नाव घेऊन वाईट शब्द आम्ही गाडीत बसून कधी काढला नाही. घरात वास्तू तथास्तु म्हणते, तशी गाडीपण म्हणते."

"अहो काका, माझा सगळा धंदाच 'समजा'वर चालतो. समजा लाइट गेली, समजा ऊन पडलं नाही, समजा फ्यूज उडाला. तुम्ही समजा म्हणू देणार नसाल तर मी माल द्यायचा कसा?"

मी म्हणाले, टीव्हीच्या मागं पट्टी असते, त्यावर वॅट लिहिलेले असतात, तिचा फोटो आणा. ते पण त्याला नको होतं. "छोटाच हाय ओ," एवढंच म्हणत राहिला. माझा स्वभाव असा, की कुणी लपवतंय असं दिसलं की मी सोडत नाही. "उद्या सकाळी मीच येते घरी. न बघता मी देत नाही," असं म्हणून मी त्याला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडमागच्या त्याच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकते तोवर मधल्या खोलीतून बाईचा आवाज आला, "जपून हो. नळीवर पाय देऊ नका."

फरशीवरून एक पातळ, पारदर्शक नळी आत गेली होती. तिच्या मागं मागं मी गेले. खुर्चीत एक सडपातळ बाई बसली होती. नळी तिच्या दोन्ही कानांवरून येऊन नाकात शिरलेली. कपाळाला ठसठशीत कुंकू. आणि शेजारी गुडघ्याएवढं, चाकांवरचं एक पांढरं यंत्र, सारखं घरघरणारं.

"या. टीव्ही बघायला आलात ना?" ती म्हणाली. "हा आमचा टीव्ही. एकच चॅनेल लागतं." ती हसली, हसता हसता खोकायला लागली आणि मग बराच वेळ तिला बोलता आलं नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोविडच्या काळात असली ऑक्सिजनची मशीनं मी बघितली होती. हवेतनं ऑक्सिजन गाळून देतात ती.

"ह्यांना त्याचं नाव घ्यायचं जिवावर येतं," खोकला थांबल्यावर ती म्हणाली. "म्हणून टीव्ही. सकाळी उठले की विचारतात, टीव्ही नीट लागलाय ना. मी पण म्हणते, लागलाय."

तिचं नाव सुगंधा. कोविडनं फुप्फुसं खाल्ली होती, आणि राहिलेली हळूहळू चालली होती. मशीन काढलं की बोटं निळी पडायची. नलवडे दारात उभा राहून टोपीशी चाळा करत होता. मी त्याच्यावर उखडलेच.

"काका, मला टीव्ही सांगितलात तुम्ही! ह्याच्या पोटात मोटर हाय, कॉम्प्रेसर. सुरू होताना तिप्पट वीज ओढतो. मी दिला असता तो स्वस्तातला इन्व्हर्टर, धक्के खाऊन ह्याची मोटर तापली असती आणि मग..."

"मग काय झालं असतं?" सुगंधाकाकूनं विचारलं.

"सुगंधा!" नलवडे म्हणाला.

"तुम्ही जरा चहा टाका बघू," ती त्याला म्हणाली. तो आत गेल्यावर माझ्याकडं वळली. "बसा. काय काय समजा असेल ते मला विचारा. ते म्हणणार नाहीत. मी म्हणते."

मग तिनं सगळं सांगितलं. तिचं माहेर कोकणात, पूर्णगडच्या अलीकडं, समुद्राच्या कडेला. आई अजून होती. नव्वदीच्या घरात, मोतीबिंदूनं आंधळी झालेली, खुबा मोडल्यापासून खाटेवर. आईला घाट चढवून इकडं आणणं शक्य नव्हतं, आणि हिला खाली न्यायला वीज हवी होती. गाडीवाल्यांनी नकार दिला होता. डॉक्टर म्हणाले होते, घाट उतरू नका. मूलबाळ नाही. नलवडेनं मग न बोलता फंडातनं ही व्हॅन घेतली.

"आईला माहितीये का हे?" मी नळीकडं बोट केलं.

"वेड लागलंय? तिला सांगितलंय, जरा दम लागतो म्हणून. तिच्या आधी लेकीचं असलं काही तिच्या कानावर जायला नको. मला फक्त एकदा तिच्याजवळ बसायचंय. तुम्ही तेवढं जमवा."

"जमवते," मी म्हणाले. माझी आई मी चालायला लागायच्या आत गेली. माहेर म्हणजे मला हे दुकानच.

"आणि हो," ती हळूच म्हणाली, "परतीची वीजपण धरा. नाहीतर ह्यांना वाईट वाटेल."

मग मी झपाटल्यासारखी कामाला लागले. इन्व्हर्टर घेतला तो प्युअर साइन वेव्हचा, घरातल्या लाइनीसारखी गुळगुळीत वीज देणारा, आणि लागते त्याच्या दुप्पट ताकदीचा. बॅटऱ्या लिथियमच्या, कारण आपल्या नेहमीच्या ॲसिडच्या बॅटऱ्या तेवढी वीज धरायला घेतल्या असत्या तर गाडीत पलंगाला जागाच उरली नसती. टपावर मावतील तेवढी पॅनेल टाकली. तरी हिशेब बसेना. चोवीस तास मोटर चालवायची तर एवढ्याशा टपावरचं ऊन कुठं पुरतंय? म्हणून गाडीच्या इंजिनावरनं बॅटरी भरणारा एक चार्जर बसवला, म्हणजे चाक फिरतंय तोवर चिंता नाही. आणि मुक्कामाला घरच्या लाइनीवर लावायला दुसरा. शिवाय ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर. सूर्य, इंजिन, लाइन, सिलिंडर. एक गेलं तर दुसरं, दुसरं गेलं तर तिसरं. नलवडे शेजारी उभा राहून पाने-पक्कड द्यायचा. मी "समजा" म्हटलं की तो तोंड फिरवून टायर बघायला लागायचा.

निघायच्या आदल्या दिवशी मीच म्हणाले, "मी येते. तुम्ही रस्त्याकडं बघणार, मग मीटरकडं बघणार कोण?"

"दुकान?"

"दुकान वाढवीन की दोन दिवस," मी चिडवायला म्हणाले. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

पहाटे गाडीपुढं नारळ वाढवून आम्ही निघालो. सुगंधाकाकू पलंगावर उशांना टेकून, मी खाली मशीनजवळ. कोल्हापूर मागं पडलं, आंबा घाट आला. नलवडे गाडी अशी चालवत होता की भरलेला तांब्या आत ठेवला असता तरी पाणी सांडलं नसतं. वळणावर झाडांची सावली टपावर आली की पॅनेलची वीज पडायची, माझा जीव वरखाली व्हायचा, पण इंजिन भरत होतं. मशीन एका सुरात घरघरत राहिलं.

"ह्यांची गाडी आमच्या गावात वस्तीला असायची," सुगंधाकाकू मधेच सांगायला लागली. बोलताना दर चार शब्दांनी थांबत होती. "रात्री गाडी यायची, सकाळी परत जायची. ड्रायव्हर-कंडक्टरला आई जेवायला वाढायची. एकदा मी वाढलं. मग हा माणूस दुसऱ्या गाडीवर ड्युटीच घेईना."

"काय तरीच सांगू नको," पुढनं नलवडे म्हणाला.

"जातीत नव्हता म्हणून बाबा उठले होते मारायला. आई म्हणाली, माझ्या ताटात जेवलाय तो, परका कसला. अजून तिच्या तोंडात जावई येत नाही. डायवरच म्हणते."

दुपारी पोचलो. गाडी थेट अंगणात घेतली, पडवीला लावून. म्हातारी पडवीत खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, कान रस्त्याकडं लावून. घरच्या लाइनीवर चार्जर लावून बघितला तर व्होल्टेज इतकं कमी, की बल्बची नुसती तार लाल दिसत होती. मी म्हणाले, मशीन गाडीतच राहू दे, आपल्या बॅटरीवर. नलवडेनं बायकोला दोन्ही हातांवर उचललं आणि आईच्या शेजारी नेऊन बसवलं. नळी गाडीच्या दारातून निघून पडवीवर गेली.

म्हातारीनं हात पुढं केला. लेकीचं तोंड चाचपलं. कपाळ, डोळे, गाल. हात कानापाशी आला, तिथं जरा थांबला आणि पुढं केसांवर गेला.

"सुकलीस गो बाय."

"वय झालं, आये."

"होय तर. म्हातारी झालीस." म्हातारी हसली. मग मान वळवून म्हणाली, "ह्यो आवाज कसला?"

आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो.

"टीव्ही हाय, आये," सुगंधाकाकू म्हणाली. "गाडीत टीव्ही बसवलाय डायवरनं."

"बरा हाय. असू दे चालू." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "काय लागलंय त्याच्यात?"

"सिरियल."

"कसली?"

सुगंधाकाकूनं दम घेतला. "एक बाई हाय. लांब दिलेली. ती माहेरी आलीय."

"मग?"

"मग काय. आईजवळ बसलीय."

"परत कधी जाते?"

"ते अजून नाय दाखवलं."

म्हातारीनं लेकीचा हात आपल्या हातात घेतला आणि संध्याकाळपर्यंत सोडला नाही. घरातल्या, सुगंधाकाकूच्या वहिनीनं पेज आणि सुकट आणली, तर डाव्या हातानं जेवली. मी गाडीत जाऊन बसले. रडू आलं म्हणून गेले, उगाच कशाला लपवू?

दिवेलागणीला गावातली लाइट गेली. आख्खी वाडी अंधारात. आमच्या गाडीतला दिवा तेवढा चालू आणि मशीन जसंच्या तसं. मला असा काही अभिमान वाटला म्हणून सांगू! नलवडेनं माझ्याकडं बघून दोन्ही हात जोडले. "ताई, समजा तुम्ही नसता तर..." त्याच्या तोंडून 'समजा' निघालं होतं. मी म्हणाले, "गप बसा काका."

सकाळी लख्ख ऊन पडलं. लाइट अजून आलेली नव्हती, पण पहाटे नलवडेनं दोन तास इंजिन चालवलं होतं, आणि आता टपावर सावली नव्हती, पॅनेल पूर्ण जोरात होती. पडवीवर म्हातारी म्हणाली, "ये बाय, वेणी घालतंय तुझी." सुगंधाकाकू तिच्याकडं पाठ करून बसली. म्हातारीनं कानावरची नळी दोन बोटांनी अलगद उचलली, खालचे केस सोडवले, नळी परत होती तशी ठेवली आणि वेणीचे पेड घालायला लागली. मला वाटलं, तिला चष्म्याची दोरी वाटली असेल. वेणी पातळ झाली. म्हातारीनं अंगणातलं अबोलीचं फूल वहिनीकडून मागून घेऊन त्यात खोचलं.

"नीज जरा आता," ती म्हणाली. सुगंधाकाकूनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

मी गाडीत मीटर बघत होते. बॅटऱ्या भरल्या की चार्जरवर हिरवा दिवा लागतो. तो लागला. काल वाटेत तो एकदाही लागला नव्हता. मी आतूनच ओरडले, "काका, फुल्ल! परतीची वीज झाली बघा!"

उत्तर आलं नाही म्हणून बाहेर आले. नलवडे पडवीच्या पायरीवर चहाचा कप घेऊन उभा होता. कप तिरका झाला होता, चहा त्याच्या पायावर सांडत होता, आणि त्याचं लक्ष नव्हतं. सुगंधाकाकू तशीच निजली होती. तोंडावर त्रास कसला नाही. पण छाती हलत नव्हती. म्हातारीचा हात तिच्या कपाळावर होता, तोही हलत नव्हता.

नलवडेनं खाली वाकून तिच्या नाकाशी बोट धरलं. नळीतून वारा येतच होता. मशीनला काय कळतंय, ते आपलं देतच होतं. त्यानं मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि माझ्याकडं बघितलं. म्हातारीसमोर तोंडातून शब्द काढायची दोघांनाही भीती.

तो गाडीत चढला. मशीनच्या बटणावर हात ठेवला, आणि काढला. परत ठेवला. "ताई," तो अगदी हळू म्हणाला, "माझ्याच्यानं नाही ओ होत. मी त्याला कधी हात लावला नाही बंद करायला." हयातभर टाळलेला शब्द त्याच्या तोंडून निघून गेला, आणि त्यानं तोंडावर हात मारून घेतला.

मी पुढं झाले. आयुष्यात हजारो बटणं बंद केली असतील मी. माझाही हात उचलला नाही. एवढी वीज होती. भरून, तयार, नुसती पडून होती. तिथं उभं राहून मी एकच विचार करत होते, त्या आंधळ्या बाईला सांगायचं कसं आणि सांगायचं कुणी.

"डायवर," पडवीतून म्हातारीनं हाक मारली.

"हां, आये."

"तो टीव्ही वाढव आता. निजली माझी बाय."

म्हातारीनं लेकीच्या कानावरची नळी दोन बोटांनी अलगद उचलली, नाकातून काढली आणि खाटेच्या कडेला ठेवली. मग तोंडावरून हात फिरवत राहिली.

थोड्या वेळानं नलवडेनं मशीन वाढवलं. घरघर थांबली. तेव्हा कुठं मला समुद्र ऐकू आला. आदल्या दुपारपासून तो तिथंच होता.